पूर्ण्यावरच्या दोन फेऱ्या

मुंबई,
१७ ऑगस्ट १९८८

तीर्थस्वरूप दादास आणि सौ. वहिनींस किशनचा साष्टांग नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी पत्र उलटंपालटं करशील, मग वहिनींना हाक मारशील. तर हो, मीच. दिवाळीच्या कार्डाशिवाय गेल्या नऊ वर्षांत तुला काही धाडलं नाही, तेव्हा तुझा विश्वास न बसणं रास्तच आहे.

आम्ही सगळे खुशाल आहोत. वैजयंतीची शाळा चालू आहे. म्हणजे ती शिकवते ती शाळा. पोरगी पहिलीत गेली आणि जाताच पुढचे दोन दात पाडून बसली. आता तिला 'पूर्णा' म्हणता येत नाही, 'फूर्णा' म्हणते. 'माझा बाप विमान चालवतो' हे तिचं म्हणणं वर्गात कुणाला पटेना, म्हणून परवा मला टोपी घालून फाटकापर्यंत नेलं. इथं पावसानं नुसता उच्छाद मांडलाय. कपडे वाळत नाहीत. राणीसावरगावच्या रानात ज्वारी कशी आहे? बैल तोच आहे का, मोडक्या डाव्या शिंगाचा?

आता पत्राचं कारण. गेल्या गुरुवारी, ११ तारखेला, दुपारी चारच्या सुमारास तुमच्या पूर्ण्याच्या स्टेशनाच्या डोक्यावर एक विमान आलं असेल. पांढरं, निळ्या पट्ट्याचं, दोन इंजिनांचं. तो मी होतो! नांदेडला सवारी घेऊन चाललो होतो, पालमचे कल्याणराव आणि त्यांच्या आई. म्हातारीचं मुंबईत डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. खाली रेल्वेची क्वार्टरं दिसली आणि राहवलं नाही. म्हटलं, दादाला वरूनच रामराम करावा. दोन फेऱ्या मारल्या आणि गेलो नांदेडला. बाकी काही विशेष नाही. हवा जरा ढगाळ होती, इतकंच.

तू पाहिलंस का? पाहिलं असशील तर कळव. नसशील तरी कळव.

वहिनींना नमस्कार. त्यांच्या हातची शेंगदाण्याची चटणी अजून जिभेवर आहे असं सांग.

तुझा,
किशन


पूर्णा जंक्शन,
२६ ऑगस्ट १९८८

चिरंजीव किशन यास दादाचे व वहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. तुझ्या वहिनीनं मला दोनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा तिनं आपलं आपणच वाचलं. पोरीच्या दाताचं वाचून लय हसली. आमी समदे ठीक हावोत. माझा गुडघा दुखायलाय, पर ते रोजचंच. बैल तो न्हाई, तो गेल्या साली गेला. नवी जोडी हाय. पोळा पंधरा दिवसांवर आलाय, तवा गावाकडं जाऊन येणार.

जवाब लिहायला एक दिस उशीर झाला, कारण परवा विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यामुळं बाजारपेठ बंद व्हती आन पोष्टातबी कुणी नव्हतं.

आता विमानाचं सांगतो. पाहिलं का म्हून इचारतोस? आरं, समद्या यार्डानं पाहिलं. म्या अकोला पॅसेंजरच्या डब्याखाली पडलेलो व्हतो, डायनॅमोचा बेल्ट बदलायलो व्हतो. आमच्या शेडातला सटवाजी वरडला, "भुजंगभाऊ, भायेर या, इमान!" मी निघून पाहिलं. परभणीकडून रूळाच्या वरनं येत व्हतं, ढगाच्या पोटाला लागून. वर आभाळ कसं, काळंभोर. आन विमानाला एक दिवा न्हाई. शेपटीवर न्हाई, पंखावर न्हाई. मी सटवाजीला तवाच म्हणलं, "याचा डायनॅमो गेलाय."

तो म्हणला, "तुमाला काय समदीकडं डायनॅमोच दिसतो का?"

मंग चाकं पाहिली. अर्धी भायेर, अर्धी आत. मेलेल्या कोंबड्याच्या पायावाणी लोंबायली व्हती. पहिल्या फेरीला थोडी खाली आली. दुसऱ्या फेरीला अजून थोडी. आशी टप्प्याटप्प्यानं, जसं कुणी रहाट फिरवून बादली सोडायलंय. मोटारीनं चाक आसं उतरत न्हाई, किशन. ते हातानं उतरवायलेत हे मला खालनं कळलं. समदं फलाट मान वर करून "चाक! चाक!" वरडायलं व्हतं, जसं काय तुमाला ऐकूच जायचं हाय. शेवटी तिन्ही पाय सरळ झाले, तवा हमालांनी टाळ्या वाजवल्या.

त्यात तू हायेस हे मला माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचलं तवा कळलं. तुझ्या वहिनीला म्या सांगितलं न्हाई. तिला रामरामच वाटू दे.

म्या इमान पाहिलं न्हाई जवळून. पर बत्ती, बॅटरी आन डायनॅमो यातच माझी हयात गेली. म्हून एक बात इचारतो. दोन इंजिनं म्हंजे दोन डायनॅमो. दोन दोन एका तासात आपोआप जात न्हाईत. एक आधीच आजारी आसतो, मंग दुसऱ्यावर समदा बोजा येतो आन त्यो बसतो. तो पहिला तुला मुंबईलाच दिसला व्हता का?

मला सांगायचं नसलं तर नको सांगू. मी तुझा साहेब न्हाई. पर ज्याला सांगायला पाहिजे त्याला सांगितलंस का, तेवढं सोताला इचार.

जिता हायेस, माझं त्यात समदं आलं.

तुझा दादा,
भुजंग


मुंबई,
२० सप्टेंबर १९८८

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ते शर्टाच्या खिशात घेऊन फिरत होतो. वैजयंतीनं शेवटी विचारलं, "कुणाचं आहे एवढं? दादांचंच ना?" मी तिला वाचून दाखवलं. कोंबड्याच्या पायाशी ती हसली. शेवटाला आली तेव्हा पत्र माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "मग? काय लिहिणार त्यांना?"

म्हणून आज सगळं लिहितो. क्रमानं लिहितो, नाहीतर मी मधलं गाळीन. ती माझी जुनी खोड.

तुझं सगळं बरोबर होतं. आमच्याकडं त्याला आल्टरनेटर म्हणतात, पण काम तेच. दोन इंजिनांवर दोन, आणि दोघांत मिळून एक बॅटरी. त्या दिवशी सकाळी मुंबईत डावं इंजिन सुरू केलं आणि त्याच्या आल्टरनेटरचा लाल दिवा विझेना. इंजिनाचा वेग वाढवला तेव्हा विझला. कमी केला, पुन्हा मिचमिचला. आमचे मेकॅनिक तात्याराव पंखाजवळ उभे होते. त्यांनी खिडकीशी येऊन सांगितलं, "साहेब, तासभर द्या. डावीकडचं उघडून बघतो."

माझ्या मागं म्हातारी डोळ्याला पट्टी बांधून बसली होती, कल्याणराव घड्याळ बघत होते आणि कंपनीचा मालक शेडच्या दारात उभा होता. मी दिव्यावर बोटानं टिचकी मारली. विझला. तात्यारावांना म्हटलं, "आल्यावर बघा." आणि निघालो.

जालन्याच्या वर डाव्याचा दिवा पेटला तो पेटलाच. रीसेट केला, एका मिनिटात पुन्हा गेला. तिथं दोन गोष्टी करायच्या असतात. एक म्हणजे विजेचा भार कमी करायचा. दुसरी म्हणजे जवळच्या विमानतळावर फिरायचं. औरंगाबाद पाठीमागं पंधरा मिनिटांवर होतं. मी दोन्ही केलं नाही. उजवा शाबूत आहे, ओढून नेईल, म्हटलं. दोन रेडिओ, बाहेरचे सगळे दिवे, वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर, सगळं चालूच ठेवलं. तू असतास तर पहिल्यांदा ओरडला असतास, पंखे बंद कर आणि दिवे जगव म्हणून.

सेलूच्या जवळ उजवा बसला. तोवर मागं औरंगाबादवर पावसाचा पडदा पडला होता. परतीचा रस्ता संपला होता.

आता हात चालले. एकेक बटण बंद केलं. एकच रेडिओ ठेवला आणि औरंगाबादला सांगितलं की दोन्ही आल्टरनेटर गेले, बॅटरीवर आहे, नांदेडला उतरतोय, इतक्या वाजेपर्यंत पोचलो नाही तर शोधा, आता रेडिओ बंद करतोय. मग तोही बंद केला. दादा, विमानात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. इंजिनं तर गरजतच होती, पण कानात कुणाचाच आवाज नाही.

कल्याणराव माझ्या शेजारच्या सीटवर होते. काळ्या पडलेल्या काट्यांकडे बघून म्हणाले, "कॅप्टनसाहेब, सगळं बंद झालं की हो. इंजिनबी बंद पडतंय का?"

मी म्हटलं, "नाही. इंजिन आपली ठिणगी आपणच तयार करतं, त्याला बॅटरी लागत नाही. पेट्रोल आहे तोवर चालणार."

"खरं सांगायलाव ना?"

"हे खरं आहे," मी म्हटलं. ते खरंच होतं.

ढगाखाली उतरलो, होकायंत्रावर नजर ठेवली आणि रूळ धरले. मानवत, परभणी, मिरखेल. मला वाट विचारायची गरजच नव्हती, लहानपणी त्याच रूळांवरून तुझ्या मागं हिंडलोय. पूर्णा दिसलं. नांदेड दहा मिनिटांवर आलं होतं, म्हणून चाकं तिथंच सोडायची ठरवली. त्यासाठी बॅटरी जपून ठेवली होती. बटण दाबलं. मोटार कण्हली, चाकं अर्ध्यात आली आणि मोटार थांबली. बॅटरी जुनीच होती, तिच्यात तेवढाच जीव होता.

सीटच्या बाजूला एक दुमडलेलं हँडल असतं. असल्या वेळेसाठीच. ते उघडून मी कल्याणरावांना म्हटलं, "फिरवा. अडेपर्यंत फिरवा." ते कापसाचे व्यापारी, अंग चांगलं भरलेलं. आठ फेऱ्यांत घामाघूम झाले. मी विमान वळणावर धरून बसलो होतो, मला हात सोडता येईना.

मागून त्यांच्या आई, चन्नबसम्मा, म्हणाल्या, "काय करायलाय रे कल्याण?"

"चाक उतरवायलोय, आई."

"हातानं? मग गप का? मोज की. मोजलं की काम सरतंय." आणि त्याच मोठ्यानं शिव, शिव, शिव म्हणू लागल्या. एका फेरीला एक शिव. डोळ्याला पट्टी, बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी सगळ्या विमानात फक्त त्यांचाच आवाज न कापणारा. चाळिसाव्या शिवाला हँडल घट्ट झालं. कल्याणरावांनी सगळा भार टाकला तरी हलेना. म्हणजे चाकं खाली येऊन अडकली असावीत. असावीत म्हणतो, कारण ते सांगणारे तीन हिरवे दिवे मेलेले होते. तुमच्या फलाटावर टाळ्या पडल्या हे तेव्हा कळलं असतं तर!

पंखांच्या मागच्या झडपाही विजेवर, त्या उघडल्या नाहीत. त्यामुळं नांदेडला विमान वेगात टेकलं. चाकं टिकली. धावपट्टी संपता संपता थांबलं. मी इंजिनं बंद केली. मागून चन्नबसम्मा म्हणाल्या, "उतरलो का?" मी म्हटलं, "उतरलो, आजी." त्या म्हणाल्या, "मग कल्याण का रडायलाय?"

आम्ही तिघंही हसलो. खूप हसलो. पालमला कधीही या, पुरणपोळी करते, असं म्हातारीनं बजावून सांगितलंय.

इथपर्यंत बरं होतं, दादा. आता पुढचं.

मुंबईत येऊन अहवाल लिहिला. त्यात मी लिहिलं, "उड्डाणापूर्वी सर्व यंत्रणा ठीक होत्या." एवढंच एक वाक्य. पण यंत्रणा ठीक होत्या आणि तासाभरात गेल्या म्हणजे दोष कुणाचा? देखभाल करणाऱ्याचा. मालकानं तात्यारावांना घरी बसवलं. एकवीस वर्षं विमानाच्या पोटाखाली घालवलेला माणूस. मला ते कळलं आणि मी तुला ते पहिलं पत्र लिहायला बसलो. रामराम, दोन फेऱ्या, पोरीचे दात. का लिहितोय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता आहे.

माझ्या चुकीचा दंड असा दुसऱ्यांदा दुसराच कुणीतरी भरत होता.

एकोणऐंशीतली अकोला पॅसेंजर, मी तुझ्याच शेडात कामाला होतो तेव्हाची. तिच्या एका डब्याचे बॅटरीचे सेल आणि डायनॅमोचा बेल्ट तपासायचं काम माझं होतं. मी शेडच्या मागं फ्लाइंग क्लबचा फॉर्म भरत बसलो होतो. डब्याखाली न वाकताच वहीत 'तपासले' लिहून सही केली. वसमतला दिवेलागणीला डबा अंधारात गेला, तिथल्याच एक बाई, बायनाबाई, उतरताना पायरी चुकल्या आणि त्यांचा पाय मोडला. चौकशीला साहेबानं विचारलं, "डबा कुणी पाहिला?" मी तोंड उघडलं होतं, दादा. देवाशप्पथ उघडलं होतं. पण आवाज निघायच्या आधी तू म्हणालास, "सही पोराची हाय साहेब, पर डबा म्या पाहिला व्हता." आणि मी तोंड मिटून घेतलं.

तुझी बढती गेली. मला विमान शिकायची शिष्यवृत्ती मिळाली, कारण माझ्या कागदावर डाग नव्हता. आपण दोघं त्यावर कधी बोललो नाही. तू बोलला नाहीस कारण तू तू आहेस. मी बोललो नाही कारण बोलायचं म्हटलं तर सगळंच परत करावं लागलं असतं.

पण मी पूर्ण्याला पुन्हा आलो नाही ते तुझ्यामुळं नाही. निघायच्या दिवशी वहिनींनी डबा बांधून दिला आणि म्हणाल्या, "भावजी, तुमी तरी मन लावून काम करा. यांच्यावाणी नको." तू तिथंच बूट घालत होतास. मान वर केली नाहीस. त्या वाक्यानंतर त्या घरात कोणत्या तोंडानं जेवू, हे मला नऊ वर्षांत कळलं नाही.

तर आता केलं ते सांगतो. तुझं पत्र आल्यावर सोमवारी विमान खात्याच्या कचेरीत गेलो आणि दुसरा अहवाल दिला. लाल दिवा, टिचकी, तात्याराव काय म्हणाले, जालन्याला काय केलं नाही, सगळं. तिथले अधिकारी चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "कॅप्टन, पहिला कागद तुमच्या सोयीचा होता की."

मी म्हटलं, "हो, पण खोटा होता."

त्यांनी चहा मागवला. मग तीन महिन्यांसाठी लायसन्स काढून घेतलं. तात्याराव परत कामावर आले. पहिल्या दिवशी त्यांनी मला फक्त एवढंच म्हटलं, "तासभर दिला असता तर, साहेब." मी म्हटलं, "हो." मालक माझ्याशी बोलत नाही. तीन महिन्यांनी ठेवतो की काढतो ते बघू. वैजयंती म्हणते, पगार एकाचा आला तरी भाकरी तिघांची होते. पोरगी मात्र बेहद्द खूश, कारण बाप रोज शाळेत सोडायला येतो. आणि खरं सांगू? कित्येक वर्षांत मी इतका छान झोपलो नव्हतो. दुपारीसुद्धा झोपतो.

येत्या मंगळवारी मनमाडहून पॅसेंजरनं निघतो, बुधवारी पूर्ण्याला. वैजयंती आणि पोरगी बरोबर आहेत. स्टेशनावर येऊ नकोस, गुडघा दुखतो तुझा. वाट मला ठाऊक आहे. बायनाबाईंकडं वसमतला जायचंय, त्या असतील तर. तू बरोबर आलास तर बरं, नाहीतर एकटा जाईन.

पण त्याआधी वहिनी. त्यांना मी सांगणार आहे, समोर बसून, पोरीच्या आणि वैजयंतीच्या देखत. त्या काय म्हणतील ते म्हणोत. माझी तुझ्याकडं एकच विनंती आहे, दादा. या वेळी मी तोंड उघडीन तेव्हा माझ्या आधी तू बोलू नकोस.

तुझ्या उपकारात राहिलेला आणि तरी तुझाच धाकटा,
किशन